गज किती आत गेला?

ज्याने उभा जन्म वऱ्हाडातील शाळांतून मुलांना इतिहास आणि अंकगणित शिकविण्यात घालविला, आणि ज्याची स्वतःची मजल जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे फारशी गेली नाही, त्याने आज बंदुकीच्या गोळीविषयी बोलण्यास उभे राहावे, हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या भुवया वर चढल्या असतील. माझ्या घरच्यांच्याही चढल्या. परंतु विषय मी शोधीत गेलो नाही; तो टेलिफोनवरून आपण होऊन माझ्याकडे आला.

माझा एक पुतण्या अमेरिकेत टेक्सास प्रांतात इंजिनिअर आहे. तेथे तो एका नेमबाजीच्या मंडळाचा सभासद असून रायफलीची काडतुसे विकत न घेता घरीच भरतो. रिकामी पितळी नळकांडी, दारू, गोळ्या आणि एक हातदाबाचे यंत्र, एवढ्या साहित्यावर तेथील हजारो गृहस्थ रविवारच्या सकाळी हा उद्योग करीत असतात. एके रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, “काकाजी, माझ्या गोळ्या नीट बसत नाहीत. एक वर राहते, एक खोल जाते, दोन तर वाकड्याच बसल्या. तुम्हाला यातले काही कळते का?” पुतण्याने मजकडे इतक्या दुरून शंका विचारावी, याचे मला आधी हसू आले. पण पुढच्याच क्षणी माझे लक्ष माळ्यावर पडलेल्या एका लोखंडी गजाकडे गेले, आणि हसू मावळले.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा उद्योग आपल्या देशात घरी करावयाचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई करते. आपल्याकडे खडकी, किंवा भुसावळजवळचे वरणगाव, अशा ठिकाणच्या सरकारी कारखान्यांत काडतुसे होतात. तथापि ‘गोळी नीट बसली की नाही’ हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी शेतीवाडी होती, त्यांच्यापैकी कित्येकांच्या ओसरीवर ठासणीची बंदूक टांगलेली असे. गडचिरोलीकडे हिलाच भरमार म्हणतात. वर सांगितलेल्या कायद्याच्या तेराव्या कलमात पिकाच्या राखणीसाठी लागणाऱ्या या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. इतकी ती शेतकऱ्याच्या संसारातली वस्तू होती.

या बंदुकीला काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतावयाची, तीवर चिंधीचा बोळा, मग तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि हे सारे लोखंडी गजाने तळापर्यंत ठासावयाचे. सर्वांत शेवटी कानावर टोपी चढवावयाची. आपण ‘ठासून सांगितले’ म्हणतो, ‘बार उडाला’ म्हणतो, ‘फुसका बार’ म्हणतो. हे सगळे शब्द या एका क्रियेतून आपल्या बैठकीत येऊन बसले आहेत. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी गज हाती धरला असेल, ते सांगवत नाही.

आता गोळी बसण्यात अडचण ती कोणती? अडचण अशी की, गोळी नळीपेक्षा पुष्कळ बारीक असली तर ती सहज तळाला जाते, पण उडताना नळीच्या भिंतींवर आपटत आपटत बाहेर पडते आणि भलतीकडे जाते. उलट ती घट्ट असली तर नेम चांगला लागतो, पण आत जाताना ती वाटेतच अडून बसते. यांपैकी एक सुख घ्यावे तर दुसरे जाते. कित्येक वर्षे युरोपातील कारागीर या पेचात सापडलेले होते.

आपल्या अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला आडगाव आहे. तेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेशी लढाई दिली, आणि पुढे १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. त्या वेळच्या इंग्रजी पायदळाच्या बंदुकीची नळी पाऊण इंच व्यासाची असे आणि गोळी तीहून सुमारे सहा शतांश इंचाने बारीक. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली होती. शिकविलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी तो या ढिलाईच्या जोरावर; नेम चुकला तरी रांगच्या रांग एकदम झाडली म्हणजे काम भागे. याच काळात नळीच्या आत पेचदार चर पाडलेली रायफल इंग्रजांच्या काही निवडक पलटणींना मिळाली. चर गोळीला धरतात, फिरकी देतात, आणि गोळी सरळ जाते. परंतु चरांनी धरावे एवढी ती घट्ट हवी. म्हणून प्रारंभी या शिपायांना गज ठोकण्यासाठी लाकडी मोगऱ्या देण्यात आल्या होत्या. धुणे बडवावे तशी गोळी बडवीत रणांगणावर उभे राहावयाचे! ही मात्रा फार दिवस चालली नाही, यात नवल ते काय?

मग फ्रान्सात देल्व्हीन्य नावाच्या अधिकाऱ्याने नळीच्या तळाशी अरुंद कोठी केली. दारू कोठीत, गोळी कोठीच्या काठावर. तेथे तिला गजाचे चार ठोसे दिले की ती चपटी होऊन चरांत भरे. पण चपटी झालेली गोळी वेडीवाकडी उडे. अखेर १८४९ च्या सुमारास मिनिए या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याने तोड काढली. त्याची गोळी लांबट होती आणि तिचे बूड पोकळ होते. भरताना ती सैल असल्यामुळे सहज उतरे, आणि दारू पेटताच धुराच्या दाबाने तिचे बूड फुगून चरांत घट्ट बसे. गोळी बसविण्याचे काम माणसाच्या मनगटाकडून काढून दारूकडेच सोपविले गेले.

१८५३ ची एन्फील्ड रायफल या तत्त्वावरची. नळी ५७७ सहस्रांश इंचाची, गोळी ५६८ सहस्रांशांची. म्हणजे दोहोंत फरक अवघा नऊ सहस्रांश इंचाचा. आता काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घट्ट अवशेषाच्या रूपाने उरतो. काही धुरावाटे जातो, काही नळीला काजळीसारखा चिकटतो. पावसाळी हवेत ही काजळी ओलसर राहते, पण कोरड्या उन्हाळ्यात तिचा कडक पापुद्रा धरतो. अकोल्याचा वैशाख ज्यांनी काढला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. नऊ सहस्रांशांची जागा भरून जावयास फार बार लागत नाहीत. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी आणि मेण यांचे वंगण लावण्यात येई.

शाळेत सत्तावन्नचा धडा मी किती वेळा शिकविला याची गणती नाही. मंगल पांडे, बराकपूर, २९ मार्च. मीरत, १० मे. मुले घडाघडा म्हणत. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने, जो एरवी कधी तोंड उघडीत नसे, विचारले, “गुरुजी, पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला?” पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नव्हते. चरबी गाईची की डुकराची याचीच चर्चा सर्व पुस्तकांत. मी फळ्यावर नळी काढली, गोळी काढली, काजळी काढली, आणि सांगितले की, बाबा, गोळी तळाला बसेना म्हणून. तास संपला तरी वर्ग उठला नाही. त्या मुलाचा प्रश्न मला पुढे पुष्कळ वर्षे उपयोगी पडला.

ती चरबी कोणत्या जनावराची, याची नीट चौकशी कलकत्त्याच्या शस्त्रागारात कोणी केली नव्हती. आणि कवायतीचा नियम असा की, काडतुसाचे टोक दातांनी तोडावयाचे. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे बोभाटा झाल्यावर सरकारने शिपायांना स्वतः पसंतीचे वंगण लावण्याची मोकळीक दिली, पुढे दातांऐवजी हाताने कागद फाडण्याचीही सोय केली. पण वेळ निघून गेली होती. मीरतेस २४ एप्रिलला नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे घेण्याचे नाकारले, ती तर जुन्याच धर्तीची होती. सत्तावन्नच्या उठावाची कारणे मोठी आणि अनेक आहेत, हे मी जाणतो. केवळ काडतुसावर तो उभा नव्हता. तथापि इंग्रजांनीही त्यातून गोळीपुरता धडा घेतलाच. १८५९ साली त्यांनी एन्फील्डची गोळी आणखी बारीक करून ५५० सहस्रांशांवर आणली.

असो. गोळी वाटेत अडली तर बिघडले काय, असे कोणी विचारील. जेवढी आत गेली तेवढी गेली, बार काढला की बाहेर पडेलच! नेमकी येथेच माणसाची समजूत दगा देते. गोळी दारूला टेकून असली म्हणजे दारू पेटताच ती हलू लागते. वायू वाढतो तशी जागाही वाढते, आणि दाब नळीला सोसेल इतकाच राहतो. मध्ये पोकळी राहिली की वायू त्या पोकळीतून भरवेगाने धावत जाऊन स्थिर असलेल्या गोळीवर आदळतो, आणि त्या ठिकाणी दाब एकाएकी चढतो. ज्यांनी ओलिताचे पाइप टाकले आहेत त्यांनी असाच प्रकार पाहिला असेल. धावते पाणी एकदम अडविले तर पाइप मोटारीपाशी फुटत नाही. अडविल्या जागेपाशी धक्का बसतो आणि तेथला जोड उडतो. तुलना तंतोतंत नाही, पण समजण्यापुरती पुरे आहे. बंदुकीची नळी अशा वेळी जेथे गोळी अडली असेल तेथेच कंकणासारखी फुगते, किंवा फाटते. आणि बंदूक रोखून धरलेल्या माणसाचा डावा हात बहुधा त्याच सुमारास असतो.

यावर जुन्या लोकांचा उपाय साधा होता. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत घालून तोंडापाशी त्यावर एक खूण करावयाची. मग नेहमीच्या मापाची दारू आणि गोळी ठासून दुसरी खूण. पहिल्या खुणेने बंदूक रिकामी आहे की कोणी बार भरून विसरला आहे ते कळते. दुसरीने गोळी दारूवर बसली की नाही ते कळते. दुसरी खूण नळीच्या काठाशी आली नाही, तर टोपी चढवावयाची नाही. कानातून पाणी सोडून दारू भिजवावयाची आणि गजाला पेच लावून गोळी मागे ओढावयाची. काही जण गज आत टाकून तो खणकन उसळतो का, ते ऐकत. कान चांगला असला तर तेही ठीक. परंतु खूण ती खूण.

आता पुतण्याकडे वळतो. काडतुसात गोळी नळीच्या तोंडातून जात नाही, ती पितळी नळकांड्याच्या गळ्यात यंत्राने दाबून बसवितात. तरी प्रश्न तोच. फार खोल गेली तर दारूची जागा आखडते आणि दाब वाढतो. फार वर राहिली तर बंदुकीत जाताना तिचे नाक चरांवर टेकते, आणि दाब तेथेही चढतो. मी त्याला एकेक विचारीत गेलो, तो आपले पुस्तक उघडून उत्तरे देत गेला. मापतोस कोठून? म्हणाला, बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत. टोक कशाचे? मऊ शिशाचे. मग टोके मुळातच लहानमोठी असतील, तू गोळी मापतोस की टोकाचा चेपलेपणा? पुस्तकात पाहिले, तर तेथेही सांगितले होते की, गोळीचा जो फुगीर भाग चरांना टेकतो तेथून माप घ्यावे. नळकांडी एकाच कारखान्याची आहेत काय? नव्हती, मैदानावर वेचलेली, तीन-चार जातींची. कापून सारख्या लांबीची केलीस काय? काही केली होती, काही राहिली होती. तो यंत्राच्या एकाच दाबात गोळी बसवून गळ्याची कडही आवळीत असे. त्यामुळे लांब नळकांड्याची कड गोळी जागेवर जाण्यापूर्वीच आवळली जाई आणि गळ्याला सुरकुती पडे. वाकड्या बसलेल्या दोघींच्या तोंडाशी तांब्याचा कीस निघाला होता. म्हणजे गळ्याची आतली धार मोडलेली नव्हती, आणि ती गोळीला तासत होती.

एवढ्याने वर राहणाऱ्यांचा आणि वाकड्यांचा निकाल लागला. पण खोल जाणाऱ्यांचा लागेना. पहिल्या दहा बऱ्या, मग हळूहळू अधिकाधिक खोल. तेव्हा मला काजळी आठवली. म्हटले, साचा उघडून बघ, आत काही साचले आहे काय? त्याने फोन टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने त्याचा ओशाळलेला आवाज आला: “काकाजी, वंगणाची गुठळी आहे.” गोळीचे नाक ज्या खोबणीत धरले जाते तीत मेणाचा थर बसत गेला होता, आणि जेवढा थर तेवढी गोळी खाली. एन्फील्डच्या नळीत जे घडे, तेच त्याच्या गॅरेजात घडत होते. मला, खरे सांगतो, परीक्षेत पहिला आल्यासारखे वाटले.

त्याने साचा धुतला, नळकांडी निवडून कापावयाचे कबूल केले. मग मी विचारले, आधी भरून ठेवलेल्यांचे काय? चौदा होत्या. कित्येकींची गोळी अंगठ्याने रेटली तर आत सरकत होती. त्या मोडून टाक, असे मी सांगितले. तो हसला. “दीड-दोन मिलिमीटरचा तर फरक आहे. एवढ्याने काय होते, काकाजी?”

श्रोतेहो, हा पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या काकाजींचा नातू. काकाजींच्या डाव्या हाताला करंगळी आणि अनामिका नव्हती, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले. बंदुकीचे लोखंड जुने झाले होते, असे आमच्या घरात सांगतात. काकाजी स्वतःही तसेच सांगत.

१९७० चा हिवाळा होता. मी अकरा वर्षांचा. आमचे शेत अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. ज्वारी हुरड्यावर आली होती आणि रोज रात्री रानडुकरे उतरत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. तोवर परवान्याची बंदूक घेऊन जागलीला जाणे यात कोणास काही वावगे वाटत नसे. मला बरोबर नेत ते एका कामासाठी. काकाजींची नजर जवळचे पाहताना मंद झाली होती. गजावरची लाखेची तांबडी खूण काठाशी आली की नाही, ते मी बॅटरीच्या उजेडात पाहून सांगत असे.

आदल्या रात्री मी “वर हाये” म्हणून सांगितले होते. काकाजींनी गोळी मागे काढण्यात अर्धा तास घालविला, तोवर डुकरांनी दोन तास उभे पीक लोळविले. सकाळी त्यांनी सर्वांदेखत म्हटले, “पोराले दिसते का नाही, कोणास ठाऊक.” दुसऱ्या रात्री तीन बार झाले होते. हवा कोरडी, नळीत पापुद्रा, तेलाचे फडके संपलेले. चौथा बार भरताना गज अडला. काकाजींनी जोर लावला, पुन्हा लावला. धांड्यांचा कडकड आवाज जवळ येत होता.

“खून बुडाली का रे, बापू?”

मी उजेड टाकला. खूण काठाच्या चार बोटे वर होती. मला स्वच्छ दिसली.

“हाव,” मी म्हणालो.

काकाजींना रात्रीच बैलगाडीने अकोटला आणि तेथून अकोल्यास नेले. बंदूक पोलिसांत जमा झाली. गज तेवढा घरी राहिला. पुढे ते चोवीस वर्षे जगले; त्या वर्षांत त्यांनी मला त्या खुणेविषयी एकदाही विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. मी शिक्षक झालो, मुलांच्या वह्यांत चुका शोधीत बसलो. त्या रात्री फोनवर प्रथमच हे माझ्या तोंडून बाहेर पडले. आज दुसऱ्यांदा पडते आहे.

टेक्सासकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटले, फोन तुटला. मग तो म्हणाला, “चार बोटे म्हणजे किती इंच, काकाजी?”

मी नातवाला झोपेतून उठविले. तो पाचवीत आहे. माळ्यावरून गज काढविला, खुणेवरची धूळ पुसली, आणि त्याची चार बोटे तीवर आडवी ठेवून फूटपट्टी लावली. सव्वादोन इंच भरले.